आधीच येऊन गेलेली

पंजाबरावांची कादंबरी फलकने जितक्यांदा वाचली तितक्यांदा ती पोट धरून हसली. शनीवरून आलेला एक गुप्तहेर. गुन्हा शोधायला जिथे जाईल तिथे तो स्वतःच आधी येऊन गेलेला, चोर पकडलेला आणि घरातले पोहेही फस्त केलेले. टीव्ही वाहिनीने तिच्यावरून मालिका लिहायचं काम मेहकरच्या फलककडे दिलं. अट एकच, बंद दाराचा प्रसंग गाळायचा. त्यात गुप्तहेर दार ठोठावतो, आतून एक बाई म्हणते, "तुमी तं आत्ताच येऊन गेले," आणि दार उघडतच नाही. यात हसण्यासारखं काय आहे, असं वाहिनीचं म्हणणं.

म्हाताऱ्या लेखकाला हे फोनवर कसं सांगायचं, म्हणून फलक चिखलीला बस बदलून भर दुपारी उंद्रीला उतरली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पंजाबरावांच्या पत्नीने, कौशल्याबाईंनी, दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"काही राह्यलं काय बाई तुवं?"

दुसऱ्या कुणाला समजून बोलत असतील, असं वाटून फलकने आपलं नाव सांगितलं. कौशल्याबाई तिच्या ओढणीकडे बघत राहिल्या. सकाळीच तर तू येऊन गेली, चहा घेतला, मालिकेचं बोलली, असं त्या हळूच म्हणाल्या. मोरीत तीन कपबशा विसळायच्या पडल्या होत्या.

आत पंजाबराव बाजेवर बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उतरला. सकाळी मी काय म्हणाले, असं फलकने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तो प्रसंग काढणार नाही म्हणालीस. मग सकाळी सांगितलेलं त्यांनी पुन्हा सांगितलं. तरुणपणी ते गावोगाव गुरांना लस टोचत फिरत. जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, एका एकट्या घराचं दार त्यांनी ठोठावलं होतं. आतून बाईचा तोच जबाब आला. गोठ्यातल्या म्हशीच्या मानेवर सुईचं रक्त अजून ओलं होतं, आणि त्या भागात लस टोचणारा दुसरा कोणी नव्हता.

"भेव वाटे, म्हणून हसण्यावारी नेलं पोरी. बाकी सारी कादंबरी त्या दारासाठीच लेहली."

ती माझ्यासारखीच दिसत होती का, असं फलकने विचारलं. उत्तर कौशल्याबाईंनी दिलं, नवऱ्याकडे बोट दाखवत.

"तुयासारखीच. पण तिनं यायच्या गुडघ्याचं विचारलं. बसून तेल लावून देलं."

खोलीत तेलाचा वास होता. फलकला लाज वाटली आणि भीतीही. जास्त काय, ते तिला कळलं नाही. ती कुठे गेली, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. त्या दिवशी फलक मेहकरला परतलीच नाही, चिखलीला मावशीकडे, यास्मीनखालाकडे राहिली. तिथूनच तिने वाहिनीला कळवलं, की प्रसंग राहील, नाहीतर दुसरा लेखक बघा. कुरकुरत त्यांनी मानलं.

मालिका लागली तेव्हा नेमकी त्याच प्रसंगाला अम्मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पंजाबरावांचा फोन आला. आता झोप चांगली लागते, म्हणाले. फलकने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

अलीकडे कुणाकडे जायचं असलं की फलक आधी फोन करून विचारते, मी येऊन गेले का? लोकांना ती तिची गंमत वाटते, आणि ती वाटू देते.