घोडी खिंडीपलीकडे

शिंगराचं दूध कधी आणि कसं तोडायचं, हे आपल्याला गावातल्या मिशाळ बाप्यांपेक्षा जास्त कळतं, असं अकरा वर्षांच्या इलिंकाचं ठाम मत होतं. कुणी विचारो न विचारो, ती सांगायचीच. शिंगरू आपलं आपण ओट खायला लागलं पाहिजे. कडाक्याची थंडी यायच्या आत उरकलं पाहिजे. आणि हलवायचं ते घोडीला, शिंगराला कधीच नाही. त्याचं ठाण त्याचंच राहिलं आणि शेजारी ओळखीचं म्हातारं जनावर असलं की ते लवकर सावरतं. घोडीला मात्र इतकं लांब न्यायचं, की एकमेकांची हाक ऐकू येऊ नये. म्हणून त्यांच्या घरची घोडी मिएर्ला दर वर्षी खिंडीपलीकडे तोआदेरकाकाकडे जायची आणि दूध आटल्यावर परत यायची.

हे सगळं तिला तिच्या आईने, आंगेलिनाने शिकवलं होतं. बाप जंगलात अंगावर झाड कोसळून गेल्यापासून घोडी, गोठा आणि सावेता आजी, सगळं आंगेलिनाच बघत होती. आता तीही इटलीला जाणार होती, तिकडच्या एका म्हातारीची सेवा करायला. गावातल्या अर्ध्या पोरांच्या आया तिकडेच होत्या. इलिंकाने रडून, रुसून, जेवण टाकून तिच्याकडून वचन घेतलं होतं: नाताळ झाल्याशिवाय जायचं नाही, आणि जाताना इलिंकाने बसपर्यंत सोडायला यायचं. भिंतीवरच्या मरियमच्या तसबिरीला हात लावून आईने कबूल केलं होतं. त्या एका वचनावर पोरगी निर्धास्त झोपायची.

आलुबुखारांचा जॅम चुलीवर रटरटत होता, त्या दुपारी आईने ढवळता ढवळता विचारलं, "इलिंका, मिएर्लाला नेताना शिंगराला बघू द्यावं का गं? निरोप घेऊ द्यावा का त्याला?"

"काहीतरीच काय!" इलिंका फणकारली. "बघितलं की ते कुंपणावर धडका मारतं, पाय मोडून घेतं. त्याला खाण्यात गुंतवायचं आणि घोडीला मागून काढायचं. तूच शिकवलंस की!"

"हो. मीच शिकवलं."

कोपऱ्यात घेवडा सोलत बसलेली आजी म्हणाली, "शहाणी आहे माझी नात. ऐकलंस ना, आंगेलिना?"

आईने ऐकलं. जॅम मात्र तळाला लागला. आपल्या शहाणपणावर खूश झालेल्या इलिंकाला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

दूध तोडायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. आईच्या पायात चर्चला जायचे बूट बघून इलिंका हसली. "खिंडीतल्या चिखलात हे? काकाकडे लग्न आहे की काय?"

"जुन्यांचा तळ गेलाय." आईने इलिंकाच्या डोक्यावरचा नीट बांधलेला रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. "ओटाची बादली धर. हात त्याच्या मानेवर ठेव, काही झालं तरी सोडू नकोस. आणि वळून बघू नकोस हं. तू बघितलंस की तेही बघेल."

"माहितीये गं मला! जा तू!"

इलिंकाने दाराकडे पाठ केली. शिंगराचं तोंड बादलीत होतं. मागे लाकडी फळ्यांवर मिएर्लाच्या टापा वाजल्या, एकदा ती खिंकाळली, मग अंगणाचं फाटक लागलं. शिंगराने कान टवकारले, ते थरथरलं. "उगी, उगी," इलिंका त्याच्या कानाशी पुटपुटली, "संध्याकाळी येईल हं." धडधडीत खोटं. तिला थोडी लाज वाटली आणि बराच अभिमान वाटला. एकदाही वळली नाही ती.

दिवस कलताना खिंडीतून तोआदेरकाका एकटाच उतरला. आजीचा धाकटा मुलगा. एरवी लांबूनच शीळ घालत यायचा. आज टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"आई कुठंय?" इलिंकाने विचारलं.

"अगं पोरी... आमच्या बाजूच्या सडकेवर मिनीबस आली होती. इटलीची." त्याने आजीकडे पाहिलं. "तूच सांग गं आई हिला."

"काय सांगायचं त्यात?" आजीने चुलीवरची मक्याच्या पिठाची ममालिगा उतरवली. "त्या म्हातारीकडची बाई अचानक सोडून गेली. नाताळपर्यंत कोण थांबतंय? बॅग मीच आधी काकाकडे पोचवली होती. तू रडली असतीस, मग तीही राहिली असती. आणि दाखवायचं नाही, हे कोण म्हणालं? तूच ना? तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे तिचा पाय निघाला."

"मी शिंगराबद्दल बोलत होते!"

"बस जेवायला."

केसाने गळा कापतात म्हणतात. इथे केसही इलिंकाचाच निघाला. आजीचा तिला राग आला, काकाचा आला, पण आईचा आला तसा कुणाचाच नाही. तसबिरीला हात लावून बोललेली बाई चर्चचे बूट घालून, खोटं बोलून, घोडीमागे लपून निघून गेली होती. आणि सकाळी फाटक वाजलं तेव्हा आपण बादली धरून उभ्या होतो, एवढं आठवलं की इलिंकाला स्वतःच्याही थोबाडीत मारावीशी वाटे.

आईचा फोन दर रविवारी यायचा. इलिंका "हो", "नाही", "जेवले" एवढंच बोलायची. पलीकडून हुंदके आले की फोन आजीच्या हातात द्यायची.

शिंगरू घसा बसेपर्यंत ओरडलं, मग ओट खायला लागलं, मग शेजारच्या ठाणावरच्या म्हाताऱ्या घोड्याला टेकून झोपायला लागलं. इलिंकाने एकच आशा धरली होती. मिएर्ला परत आली की शिंगरू फाटक मोडून तिच्याकडे धावेल. मग बघा म्हणावं सगळ्यांना, असं तुटत नसतं.

नाताळच्या आधी बर्फातून काकाने मिएर्लाला परत आणलं. तिची कास आटली होती. फाटकाशी येताच ती खिंकाळली. शिंगराने मान वर केली. पुढे येऊन तिचं नाक हुंगलं, बराच वेळ हुंगलं. मग वळून म्हाताऱ्या घोड्याशेजारी जाऊन उभं राहिलं.

"झालं! तुटलं दूध!" काका खूश झाला. इलिंकाला त्याच्या डोक्यात बादली घालावीशी वाटली.

त्या रविवारी आईने विचारलं, "मिएर्ला आली ना गं? शिंगराने ओळखलं का तिला?"

आजी हातवारे करून सांगत होती, चांगलं बोल.

"ओळखलं," इलिंका म्हणाली. "पण गेलं नाही."