कोचची गोळी

थोरल्या जाऊबाई औषधांच्या दुकानात शिरल्या तेव्हा गोळीताई एका शाळामास्तरांना समजावत होती की तुम्हाला गोळीची नाही, चपलांची गरज आहे.

"डॉक्टरांनी तीन महिने दिलेत ना? मग चाला. तळलेलं कमी करा, सिगारेट सोडा आणि पुन्हा रक्त तपासा. कोलेस्टेरॉलचा आकडा जरासा वर गेला की लगेच गोळीच्या मागे लागू नका. आणि उद्या लागलीच, तर तोंड पाडून बसू नका."

मास्तर हिरमुसले, पण ऐकलं त्यांनी. सगळेच तिचं ऐकायचे. बावीस वर्षं त्याच काउंटरमागे उभं राहून औषधं देणारी बाई, म्हणून गल्लीने तिचं नाव गोळीताई ठेवलं होतं. डॉक्टर दोन मिनिटांत उरकायचा ते ही दहा मिनिटं सांगायची, आणि ज्याला औषध नको त्याला नको म्हणायची. मालकाला हे आवडायचं नाही, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो गप्प बसायचा.

जाऊबाईंनी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातलं औषधांच्या नोंदीचं एक निळं कार्ड काढलं. "अगं, ह्यांच्या त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. स्टेशनमागच्या औषधवाल्या म्हाताऱ्याने दुकान बंद केलं बघ. हे म्हणाले, कुठूनही आण, पण तिच्याकडून नको. मी म्हटलं, घरचं माणूस दुकानात असताना उन्हातान्हात वणवण कशाला?"

बाई बिचारी भोळी. तीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याने आणलेल्या पाकिटावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही.

गोळीताईने वाचलं. ते जीवनसत्त्व नव्हतं. ती स्टॅटिन होती, कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, रोज एक. आणि जाऊबाईंचे 'हे' म्हणजे गोळीताईचे मोठे दीर, तरण तलावावरचे कोच. वय एकसष्ट, पोटाला एक वळी नाही, छाती अशी की पोरं बघत राहावीत. त्यांच्या ऑफिसच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती: 'घाम गाळा, गोळ्या टाळा'. पोहायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे की कोलेस्टेरॉल हा औषधवाल्यांनी उठवलेला बागुलबुवा आहे. लोक माना डोलवायचे, फी भरायचे.

कार्डावर दर महिन्याचे शिक्के होते, आणि जुनी कार्डं त्यालाच स्टेपल केलेली होती. गोळीताई एकेक पान मागे उलटत गेली. पहिला शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा निघाला.

तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती.

"काय गं, मिळत नाही का?" जाऊबाईंनी विचारलं.

"मिळते. संध्याकाळी मीच तलावावर पोचवते. कशाची आहे ते त्यांनाच विचारा तुम्ही." आवाज नेहमीचाच लागला. काउंटरवरचं काउंटरवरच ठेवायची सवय बावीस वर्षांची होती, ती कामी आली. जाऊबाई गेल्यावर मात्र तिने कार्डावरचे शिक्के पुन्हा पहिल्यापासून मोजले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते, ते तिला त्या दुपारी नीट कळलं.

धाकटा, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. हसरा माणूस, भावाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. चाळिशीत त्याचं रक्त तपासलं तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल दोनशे चाळीस निघालं. डॉक्टर म्हणाले, हे खाण्यापिण्याचं नाही, घराण्याचं आहे. यांचे वडीलही असेच अचानक गेले होते. गोळी सुरू झाली. वर्ष-दोन वर्षांनी त्याच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. गोळीताई म्हणाली, डॉक्टरांना सांगू, मात्रा कमी करतील, दुसरी देतील, यावर उपाय असतो. तो हो म्हणाला. आणि तिच्यासमोर रोज रात्री पाकिटातून गोळी काढत राहिला.

तो नवव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये, हातात पाना धरून, भिंतीला टेकलेला सापडला. चव्वेचाळीस वर्षांचा. पुढे त्याची हत्यारांची पिशवी घरी आली, तिच्यात स्क्रूचा डबा होता आणि डब्यात स्क्रूंच्या जागी गोळ्या होत्या, सात महिन्यांच्या. सोबतच्या मेकॅनिकने खाली मान घालून सांगितलं, "भावाने बंद करायला लावल्या, ताई. म्हणाला, हे विष आहे, मी बघ, कधी एक घेतली नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तो तुमच्यासमोर काढायचा आणि इथे टाकायचा."

आणि तोच भाऊ अंत्यविधीला आलेल्या माणसांना मोठ्याने सांगत होता, "मी म्हटलंच होतं. त्या गोळ्यांनीच घात केला."

गोळीताईला तेव्हा वाटलं, माणूस मूर्ख आहे, पण जे सांगतो ते त्याला खरं वाटतं. मूर्खाला शिव्या देता येतात, त्याच्यावर सूड कसा उगवायचा? चार वर्षं तिने दात ओठ खाऊन काढली. आता कार्ड हातात आल्यावर कळलं की माणूस मूर्ख नव्हता. स्वतः रोज गिळत होता आणि भावाला थुंकायला लावत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण तो निदान कोरडा पाषाण असतो. हा तर गुपचूप भिजून बसला होता.

नुसतं एवढंच असतं तरी तिने त्याला सोडला नसता. पण घरात मासोळी होती.

मासोळी तिची मुलगी. हे नाव कोचनेच दिलेलं, तिसऱ्या वर्षी पाण्यात टाकलं आणि पोरगी पोहायला लागली म्हणून. आता तेवीस वर्षांची, काकांच्याच तलावावर लहान मुलांचे वर्ग घ्यायची. बाप गेल्यावर काकाच तिचा बाप. गेल्या महिन्यात गोळीताईने तिचं रक्त जवळजवळ जबरदस्तीनेच तपासून घेतलं. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठावीस. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी तिच्या पर्समध्ये तशीच पडून होती.

गोळीताईने तिला सगळं सांगून पाहिलं होतं. कोलेस्टेरॉल हे काही विष नाही, शरीराला ते लागतंच, यकृत ते स्वतः बनवतं. रक्तात जास्त झालेलं उचलून घ्यायचं कामही यकृताचंच. काही घराण्यांत हे उचलायचं काम जन्मापासूनच ढिलं असतं. मग तू नुसता पाला खा नाहीतर रोज दोन तास पोह, आकडा जेमतेम उतरतो. धमन्यांत थर बसत राहतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस वाटच बंद होते. गोळी यकृताला बनवायला कमी लावते आणि उचलायला जास्त लावते. दुकानात कितीतरी जणांना मी नको म्हणते, तुला हो म्हणते, ते उगाच नाही.

मासोळी म्हणाली होती, "आई, काकांचंही तेच घराणं आहे ना? एकसष्टाव्या वर्षी एक गोळी नाही त्यांना. बाबांनी त्या घेतल्या, काकांनी सोडायला लावेपर्यंत उशीर झाला होता, आणि ते गेले. तू दिवसभर त्या दुकानात उभी राहतेस, तुला सगळीकडे गोळ्याच दिसणार."

याचं उत्तर आज निळ्या कार्डात सापडलं होतं, पण गिऱ्हाइकाचं औषध दुसऱ्याला सांगणं म्हणजे परवान्यावर पाणी सोडणं.

संध्याकाळी ती पाकीट घेऊन तलावावर गेली. एक क्षण तिच्या मनात आलं, देऊच नये. पाकीट पाण्यात टाकावं आणि म्हणावं, पोहा आता. मग ती ऑफिसात गेली आणि दार लावून घेतलं. क्लोरिनचा वास नाकात चढत होता. कोच टॉवेल खांद्यावर टाकून मुलांच्या वेळा लिहीत होते.

तिने कार्ड टेबलावर ठेवलं. कोचनी ते पाहिलं आणि मग तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघितलं.

"हे तुझ्याकडे कसं आलं?"

"जाऊबाई म्हणाल्या, घरचं माणूस दुकानात आहे."

"हे बघ, माझं थोडं वेगळं होतं. डॉक्टरांनी आग्रहच केला. शिवाय मी अगदी छोटी मात्रा..."

"छोटी नाहीये. मला वाचता येतं." ती बसली नाही. "मी तुमच्याशी वाद घालायला आलेली नाही, भाऊजी. गुरुवारी दुपारी चार वाजता दुकानात या. मासोळी असेल. तिला तुमच्या तोंडाने सांगा, किती वर्षं घेताय आणि कशासाठी घेताय."

"वेड लागलंय तुला. तलाव माझ्या नावावर चालतो. पोरी-बाळींचे आईबाप माझ्या शब्दावर येतात."

"मग रविवारी तलावावरच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला सगळे आईबाप येतीलच. मी माइक मागेन. कार्डावरचे शिक्के वाचून दाखवेन, पहिल्यापासून."

"तुझा परवाना जाईल."

"जाऊ दे." तिने कार्ड उचललं आणि गोळ्यांच्या पाकिटासकट परत पर्समध्ये टाकलं.

हे ती धमकी म्हणून बोलली नव्हती, आणि ते कोचना कळलं. चार वर्षांत तिच्यापाशी उरलेलं एवढंच होतं, आणि तेही जाळायला ती तयार होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो बघून तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

गुरुवारी चारला दुकानात माणूस नसतो. मालक जेवून आत आडवा झालेला. मासोळी ओल्या केसांनी आली, कशाला बोलावलं म्हणून कुरकुरत. पाच मिनिटांनी कोच आले. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली होती, जणू कोणी ओळखणारच नव्हतं.

गोळीताईने भाषण तयार ठेवलं होतं. रात्रंदिवस घोकलं होतं. पण ठरलं होतं की बोलायचं त्याने, म्हणून तिने कार्ड तेवढं काउंटरवर काढून ठेवलं.

"मासोळी, मी गोळी घेतो," कोच म्हणाले. "कोलेस्टेरॉलची. अकरा वर्षं झाली. तुझ्या आजोबांचं जे झालं ते माझं होऊ नये म्हणून घेतो. तूही घे."

मासोळी आधी हसली. मग आईकडे बघितलं, मग काउंटरवरच्या कार्डाकडे. तिने कार्ड उचललं नाही. तिला हिशोब करायला कार्ड लागलंच नाही.

"म्हणजे बाबा होते तेव्हाही?"

"हो."

"तुम्ही बाबांना सोडायला सांगितलंत, तेव्हा तुम्ही घेत होता?"

"त्याचे पाय दुखत होते, बेटा. मला वाटलं, थोडे दिवस थांबेल, बरं वाटलं की पुन्हा सुरू करेल. मला काय माहीत..."

"बाबांनी विचारलं होतं का तुम्हाला? तुम्ही घेता का म्हणून?"

हा प्रश्न गोळीताईच्या भाषणात नव्हता. इतक्या वर्षांत तिला तो सुचलाच नव्हता.

कोचनी टोपी काढली. "विचारलं होतं. तलावावर, पायऱ्यांवर बसून. म्हणाला, दादा, खरं सांग, तुझंही रक्त तेच आहे, तू काही घेतोस का? तू घेत असशील तर मी सोडत नाही."

"मग?"

"मी पोटावर थाप मारली. म्हटलं, हे बघ. एक गोळी नाही."

आत मालकाचं घोरणं चालू होतं. गोळीताईने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती, कारण सोडली असती तर ती त्या माणसाच्या अंगावर गेली असती. म्हणजे धाकट्याने शेवटपर्यंत शहाणपणा केला होता. नेमकं विचारायचं तेच विचारलं होतं, आणि विचारायचं त्याच माणसाला. एका 'हो'ने तो आज जिवंत असता.

मासोळीने पर्स उघडली आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "आई, दे."

गोळीताईने गोळी काढून दिली. सगळ्यांना सांगते तसं तिने सांगितलंही: रोज एकाच वेळी घ्यायची, स्नायू फार दुखले तर लपवायचं नाही, मला आणि डॉक्टरांना सांगायचं, सहा-आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, पुढे मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचं. मासोळीने पाकीट पर्समध्ये टाकलं. मग काकांकडे वळून म्हणाली, "उद्यापासून लहान मुलांचे वर्ग तुम्हीच घ्या." आणि निघून गेली.

कोच तसेच उभे राहिले. त्यांचे ते रुंद खांदे पहिल्यांदाच खाली आलेले दिसत होते. "झालं ना तुझ्या मनासारखं," ते म्हणाले. "आता ती माझं तोंड बघणार नाही. माझं कार्ड दे. मी दुसरीकडून घेईन."

"कार्ड इथेच राहील. दर महिन्याला तुम्ही इथेच याल, स्वतः. जाऊबाईंना पाठवायचं नाही. ज्या महिन्यात आला नाहीत, त्याच्या पुढच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभात मी माइक मागेन."

"मला गोळ्या तरी कशाला देतेस? एवढा राग आहे तर मरू दे की मला."

गोळीताईने महिन्याचं पाकीट काढलं, त्यावर पेनाने 'रोज एक' असं लिहिलं आणि त्यांच्यासमोर सरकवलं.

"मेलात तर सुटाल," ती म्हणाली. "तुम्ही नव्वदीपर्यंत जगायचं, भाऊजी. आणि रोज गोळी जिभेवर ठेवली की त्याने काय विचारलं होतं ते आठवायचं. एक दिवसही चुकवायचा नाही."