आकाशातला धोंडा आणि शिंप्याचे डोळे

शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कापड बेतायच्या टेबलावर पितळी वाटी, वाटीत काळा खडा. गावात आलेल्या एका चष्मेवाल्या बाबानं वर गार पाणी ओतलं आणि खडा चक्क फसफसायला लागला! वाफा निघाल्या. खाली ना जाळ, ना काडी. सगळ्यांचे हात जोडले गेले.

"मंगळ आणि गुरूच्या मधे दगडी ग्रह फिरतोय," बाबा घुमला. "त्याचं हे लेकरू. आईची आठवण आली की तापतं बिचारं! ह्याच्या पाण्यानं मोतीबिंदू विरघळतो. सुरी नको, काही नको."

शिंपी खुर्चीत मान वर करून बसलेला. उद्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि सुरी म्हटलं की गड्याला घाम फुटायचा. म्हणून तर बाबा गोड लागला. पण डोळे गेले तर मशीन बंद आणि चूलही बंद.

त्याची बायको स्वयंपाक टाकून धावत आली, बोटं हळदीनं पिवळी. "अहो, थांबा की!"

"गप गं. तुला काय कळतं ग्रहांतलं?"

बाबानं कापूस बुडवला, डोळ्यावर धरला. थेंब लोंबायला लागला. तिनं बाबाचा हातच हिसडला. पाणी तिच्या बोटांवर सांडलं, चटका बसला आणि बोटं लालभडक झाली.

"रक्त! ग्रह कोपला!" बाबा किंचाळला. शेजारचा न्हावी पार दाराबाहेर.

पण तो लाल रंग तिच्या ओळखीचा होता.

"रक्त कसलं डोंबलाचं! हळदीला चुना लागला की लालच होते. घर रंगवताना पिंपात टाकतो ना, तोच भट्टीतला चुन्याचा खडा हा. पाणी लागलं की तापतो. वरून काजळी फासलीय मेल्यानं. बघा, फुटलाय तिथं आतून पांढरा!"

"मूर्ख बाई, हे औषध..."

"मग आधी तुमच्या डोळ्यात घाला. चष्मा काढा की, बाबा! एवढ्या जाड काचा कशाला लावल्यात?"

बाबानं झोळी उचलली, वाटीसुद्धा तिथंच टाकून वाट धरली.

शिंपी खुर्चीतून उठला. "डोळेच जळाले असते गं."

"तो आकाशातला धोंडा तिकडं आपल्या वाटेनं फिरतोय. त्याला ना तुमचं दुकान माहीत, ना तुमचा मोतीबिंदू," ती बोटांवरचा चुना धूत म्हणाली. मग गर्दीकडं वळली. "आणि तुम्ही! हात जोडायच्या आधी विचारत जा रे, हे झालं कसं?"

"ऑपरेशन... दुखेल का?" शिंप्यानं हळूच विचारलं.

"ते डॉक्टरला विचारू. सकाळी लवकर उठा."