आरमोरीहून आणलेला मास्टर सिलिंडर

त्या रविवारी दुपारी श्रावण रामटेके आरमोरीहून कुरखेड्याला परतले ते सोयरीक जमवून आल्यासारखे. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं दोन मुठींएवढं लोखंड होतं.

"सत्यशीला, पाणी आण वं. नाई, थांब, आधी हे पाह्य."

सत्यशीलाबाईंनी पाणीच आणलं. सात वर्षांत त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. वरोऱ्याहून आलेलं रेडिएटर, चंद्रपूरच्या भंगारातलं स्टिअरिंग, कोण्या गोठ्यात जिच्यावर कोंबड्या अंडी घालत होत्या ती सीट. असल्या वस्तू जोडून जोडून अंगणातल्या कडुलिंबाखाली एक जीप उभी राहिली होती. वनखात्यात श्रावणभाऊंनी हीच जीप एकवीस वर्षं चालवली होती. ती लिलावात निघाली तेव्हा तिला चाकंही नव्हती. रिटायर झाल्यावर त्यांनी तो सांगाडा ट्रॉलीवर घालून घरी आणला होता.

"नवाच घ्यायचा ना बाबा," संघप्रिया पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. ती वरोऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि महिन्यातून एकदा घरी यायची.

"आली पुस्तकातली मराठी! नवा कुठी भेटते या गाडीचा? लच्छूले भावात असा घासला का शेवटी हात जोडले त्यानं. म्हणे, न्या भाऊ, पण पुढच्या महिन्यात तोंड दाखवू नका." ते खदखदून हसले. "आणि हा पाह्य, पट्टा."

लोखंडावर पिवळ्या ऑइलपेंटचा एक ओला पट्टा होता. लच्छू आरमोरीचा भंगारवाला. विकलेल्या प्रत्येक वस्तूवर तो असा पट्टा ओढायचा. पट्ट्याची वस्तू आठ दिवसांत परत आली तर एक शब्द न विचारता परत घ्यायची, हा त्याचा नेम होता. श्रावणभाऊंचा त्या पट्ट्यावर कंपनीच्या गॅरंटीपेक्षा जास्त विश्वास.

चार वाजेपर्यंत ते लोखंड, म्हणजे ब्रेकचा मास्टर सिलिंडर, जीपला बसला. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी पडून नट ढिला करायचा.

"संघू, ये बरं."

ती आली, पण पुस्तक घेऊनच. शेवटचं प्रकरण उरलं होतं. स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून ती पेडल दाबत राहिली. जीपखालून आवाज येत होता, "दाब. धर. सोड. दाब. धर. सोड." अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. तिची पोटरी भरून आली.

"आता शेवटचं. दाबून धर, मिनिटभर. जागेवर राह्यलं तं मास्टर चांगला. खाली बसत गेलं तं आतून गेला समज, उद्या लच्छूच्या डोक्यावर नेऊन आपटतो."

तिनं दाबून धरलं. पेडल उभं राहिलं, आणि मग बसल्या बसल्या झोप लागलेल्या माणसाची मान कलते तसं अगदी सावकाश खाली गेलं. तिनं पान उलटलं.

"कडक आहे का?"

"हो, कडक आहे."

"पक्कं?"

"पक्कं हो बाबा. उतरू का आता?"

सोमवारी सकाळी श्रावणभाऊ झिंगूला जीप दाखवायला निघाले. झिंगू त्यांच्या नोकरीतला वनमजूर, कोरचीच्या वाटेवर राहायचा आणि जीप कधी येते याची वाट पाहायचा. जाताना त्यांनी अंगणातच तीनदा हॉर्न वाजवला. कोरचीच्या रस्त्यावरच्या उताराला ब्रेक लागला नाही. जीप सागाच्या झाडावर गेली.

श्रावणभाऊ गेले तेव्हापासून जलदानाच्या विधीच्या दिवसापर्यंत संघप्रिया रडली नाही. ती चहा देत होती, खुर्च्या मांडत होती, विहारातून आलेल्यांना पाणी देत होती आणि मनातल्या मनात एकेकाला घराबाहेर काढत होती. "भाग्यवान माणूस, आवडीच्या गाडीत गेला," असं कोणी म्हणालं की तिला त्याच्या हातातला कप भिंतीवर फेकावासा वाटे. कसलं भाग्य? सात वर्षं माणूस दर रविवारी गंजाच्या ढिगात हात घालतो. दुसऱ्यांनी टाकलेलं घरी आणतो. अर्ध्यात मिळालं म्हणून गावभर सांगत फिरतो. आई म्हणते गुडघ्याला डॉक्टरला दाखवा, तर म्हणतो, पाहू. जीपला मात्र नवं कुलिंग होज. तिला बाबांचा राग येत होता, आणि मेलेल्या माणसाचा राग करता येत नाही याचा त्याहून जास्त.

मग तो राग एका जागी येऊन थांबला. पोलिसांच्या कागदावर ब्रेक निकामी असं लिहिलं होतं. जीप ज्या गॅरेजमध्ये ओढून नेली होती तिथल्या मिस्त्रीनं मास्टर सिलिंडर खोलून तिच्या हातात दिला. "आतून पार घासलेला आहे, मॅडम. हा गाडीले लावाचाच नव्हता." पिवळा पट्टा अजून ताजा होता.

तिनं तो कापडी पिशवीत घातला आणि आरमोरीची बस धरली. लच्छूकडून तिला कबुली हवी होती. त्याच्या तोंडून, त्याच्या दुकानात, चार लोकांसमोर. पुढचं पुढे.

लच्छूचं भंगार म्हणजे टिनाचं कुंपण आणि आत ट्रकांचे सांगाडे. तो एका टायरवर बसून तारेतून तांबं सोलत होता. पन्नाशीचा, मानेत रुमाल.

संघप्रियानं पिशवी त्याच्यापुढे पालथी केली. लोखंड दणकन पडलं.

"ओळखता?"

लच्छूनं पट्टा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. पकड खाली ठेवली आणि उभा राहिला.

"तुमी श्रावणभाऊची पोरगी."

"मी विचारलं, ओळखता का?"

"ओळखतो जी. माझाच आहे."

"आतून घासलेला होता. तुम्हाला माहीत होतं."

"वाटत होतं," तो म्हणाला. "म्हटलं होतं मी भाऊले. हा नको, नागपूरहून दुसरा मागवतो, महिना थांबा. तं म्हणे, लच्छू, महिनाभर झिंगू माझी वाट पाह्यल का?"

"म्हणजे खराब वस्तू विकलीत. माणूस मरेल हे कळत असून विकलीत!" तिचा आवाज चढला. ट्रकच्या सांगाड्यातून काम करणारे दोघं बाहेर येऊन उभे राहिले. यावेत, तिला वाटलं, अजून यावेत. "लाज नाही वाटत? रंगाचा एक फटकारा ओढला की तुमची जबाबदारी संपली?"

"संपत नाई बाई, तिथूनच सुरू होते," लच्छू म्हणाला. आवाज खालीच होता. "जुनी वस्तू बाहेरून कळत नाई. लावूनच पाहा लागते. म्हणून तं पट्टा. भाऊले सांगितलं, कोणाले तरी पेडलवर बसवा, मिनिटभर धराले लावा. बसत गेलं तं सकाळी पहिल्या गाडीनं वापस आणा."

"आणि आणला नाही म्हणून दोष त्यांचाच? मेलेल्या माणसावर ढकलताय?"

"नाई जी. कसा ढकलीन? भाऊनं बरोबरच केलं." त्यानं मानेतला रुमाल काढला आणि हातात चुरगळला. "त्या संध्याकाळी मीच फोन केला होता. मनात धाकधूक होती ना. म्हटलं, काय भाऊ, बसलं का पेडल? तं हसाले लागले. म्हणे, काऊन भेतं बे, पेडलवर पोरगी बसली होती माझी. पक्कं म्हणे. एवढी जाडी जाडी पुस्तकं वाचते, तिच्यापासून काही सुटत नाई. ते आयकलं आणि मी बिनघोर झोपलो."

संघप्रियानं पायाशी पडलेल्या लोखंडाकडे पाहिलं. तिच्या उजव्या पायाला ते पुन्हा जाणवलं. पेडलचं ते सावकाश खाली जाणं. गेले कित्येक दिवस ते तिथंच होतं. चहा देताना होतं, बसमध्ये होतं, मघाशी ओरडताना होतं.

लच्छूनं तिच्या चेहऱ्याचा वेगळाच अर्थ लावला. त्यानं खाली वाकून मास्टर सिलिंडर उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"माझंच नाव घ्या, बाई. पोलिसात म्हणा, गावात म्हणा. मी नाई म्हणणार नाई. वस्तू माझी, पट्टा माझा. तुमच्या बाबानं आणि तुमी तं जे कराचं ते केलं."

तिला इतका राग आला की कान तापले. या माणसानं हात वर करायला हवे होते. शिवी द्यायला हवी होती, म्हणजे तिलाही देता आली असती. त्याऐवजी तो दोष अंगावर घेऊन, मान खाली घालून उभा होता, आणि तो दोष त्याच्याकडेच ठेवून पुढची बस धरणं अगदी सोपं होतं. घरी आई विचारेल, काय म्हणाला तो? सांगायचं, कबूल झाला.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली.

"काय जी?"

"खाली ठेवा म्हणते ना!"

त्यानं ठेवला. ट्रकापाशी उभे असलेले दोघं जवळ आले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग लच्छूकडे.

"खाली जाऊन राह्यलं होतं," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पेडल खाली जाऊन राह्यलं होतं, भाऊ. मले समजलं होतं. बाबानं दोनदा विचारलं, मी दोनदा पक्कं म्हटलं. मले पुस्तक वाचाचं होतं."