आरोही हसली त्याची शिक्षा

डिंगोऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत त्या दुपारी नववीचा वर्ग गटागटाने बसला होता. चार मुलांत मिळून एक टॅब. विज्ञानाच्या कमरजहाँ मॅडमनी प्रत्येक गटाला गावातल्या एका अडचणीवर व्हिडिओ करायला सांगितला होता. आरोहीच्या गटाने साठवणीच्या चाळीत सडणारा कांदा निवडला. ऋतिकने चित्रीकरण केलं, बाकी दोघींनी माहिती जमवली, बोलली आरोही. चौदा वर्षांची ही पोर एरवी मान वर करत नसे. त्या दिवशी मात्र तिने सगळं न अडखळता सांगितलं आणि शेवटी खळखळून हसली.

मॅडमनी कौतुकाने तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी त्यातला हसण्याचा तेवढाच तुकडा कापला, खाली चावट ओळ लिहिली आणि गावभर फिरवला.

आरोही शाळेत यायची थांबली. गुरुवारी मॅडम तिच्या घरी गेल्या. वडील गोरख दारातच आडवे उभे राहिले.

"मॅडम, पोरगी शिकाय धाडली व्हती, पोरांसंगं दात काढाय न्हाई. भावकीत तोंड दाखवाय जागा ऱ्हायली नाय. आणे गावचं स्थळ हाय. रविवारी लगीन."

"गोरखभाऊ, चौदा वर्षांची आहे हो ती!"

"गावाला न्हाई दिसली ती लहान."

आत आईचा भाकरी थापणारा हात थांबला. मग तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

मुख्याध्यापक चांगदेव सरांनी बजावलं, "मॅडम, तुम्ही बाहेरच्या, त्यात मुसलमान. यांच्या लग्नात पडलात तर शाळेवर मोर्चा येईल."

मॅडम घाबरल्या. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर त्यांनीच वर्गात पाठ करून घेतला होता. शुक्रवारी त्यांनी तो लावला नाही. शनिवारीही नाही.

रविवारी सकाळी गटातली प्राची रडत आली. "मॅडम, तिला घिऊन गेले!" तेव्हा कुठे त्यांनी फोन लावला आणि मिळेल त्या गाडीने आणे गाठलं. अक्षता पडून गेल्या होत्या. पंगतीत शे-दोनशे माणसं जेवत होती. सगळ्यांना वय ठाऊक होतं.

हळदीने माखलेली आरोही त्यांच्याकडे बघत राहिली.

"मॅडम, काल का नाय आलात?"

मॅडमनी तिचा हात धरला. पोलीस येईपर्यंत सोडला नाही.

ठाण्यात हवालदार म्हणाले, "तुमचं नाव गुप्त ठेवता येईल, मॅडम."

"नको. पूर्ण लिहा," त्या म्हणाल्या. "आणि मला हे गुरुवारपासून माहीत होतं, तेही लिहा."