गंगी ढोले, पांढरकवडा

त्या साली बोंडअळीनं कापूस असा खाल्ला, की यवतमाळची जिनिंग गिरणी संक्रांतीलाच थंडावली आणि तिथले दिवाणजी कमलाकर महल्ले दिवसाढवळ्या घरी बसू लागले. घरी बसलेला नवरा म्हणजे बिनकामाचा मुकादम. मोबाइल पाहायचा आणि बायकोच्या फोडणीवर मत द्यायचं, एवढाच उद्योग.

लेकीनं, प्राचीनं, पुण्याहून फोनवर शिकवत आईचं फेसबुक उघडून दिलं. नावाच्या रकान्यापाशी रजनीबाई अडल्या. लग्नात कमलाकरांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘रजनी’ लिहिलं, त्याला एकतीस वर्षं झाली होती. पण शाळेतली जिवाची मैत्रीण मैना रजनीला कशी ओळखणार? ती सापडावी, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप! आणि नवऱ्यानं हौसेनं ठेवलेलं नाव आपण वगळलं, हे त्याला कळलं तर तो मनातून दुखावेल, ही धास्ती वेगळीच. शेवटी जीव मुठीत धरून त्यांनी लिहिलं, गंगी ढोले, पांढरकवडा. नाव लपवायचं, आणि फोटो मात्र स्वतःचा झकास लावला. याला काय म्हणावं?

आठवड्यात मैना सापडली. फोटोखाली तिनं साऱ्या जगासमोर लिहिलं, ‘गंगे, कुठी दडली होती वं? तुले शोधू शोधू म्हातारी झाली मी!’ रजनीबाई पदर तोंडाला लावून हसल्या, मग रडल्या.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. ‘रजनी, हा फोटो त तुहा हाय. ही गंगी कोण?’

‘मीच,’ त्या दारात येऊन म्हणाल्या. ‘माहेरचं नाव. मैनीसाठी टाकलं. राग नका मानू.’

कमलाकरांनी मोबाइल बाजूला ठेवला.

‘राग कायचा?’ ते म्हणाले. ‘रजनी नाव तुले आवडते का, हे मी कधी इचारलंच नाही. आता सांग, काय म्हणून हाक मारू?’

रजनीबाई उंबऱ्यातच टेकल्या. रजनी म्हणून संसार झाला, प्राची झाली. ते नाव परकं नव्हतं. गंगी तर जन्माची. पण कोणी आपल्याला विचारतंय आणि उत्तरासाठी थांबलंय, याचं सुख त्यांना इतक्यात संपवायचं नव्हतं.

‘विचार करून सांगते,’ त्या म्हणाल्या.

‘सांग. घाई नाही,’ म्हणत कमलाकर चहा ठेवायला आत गेले. साखरेचा डबा काही सापडेना. विचारायला ते दारापर्यंत आले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. हाक कोणत्या नावानं मारायची, ते अजून ठरलं नव्हतं.