संजीवनीची सहा बुचे

मित्रांनो, मी एक जुनी, बोटभर उंचीची तपकिरी बाटली आहे. माझ्यात आधी खोकल्याचे औषध होते. ते संपल्यावर जामसंड्याच्या मथुराकाकू मला टाकून द्यायला निघाल्या होत्या, पण त्यांच्या लेकीने, सृष्टीने मला उचलले, राख लावून घासले आणि माझ्यात कोकमाचे आंबटढाण आगळ भरले. तिच्या वर्गातल्या डॅनियलने माझ्यावर कागद चिकटवून वळणदार अक्षरांत लिहिले, 'संजीवनी'. मी त्यालाच माझा खरा जन्म मानते.

दर रविवारी दुपारी त्यांच्या मित्राच्या, ओमकारच्या पडवीत, टेबलाभोवती या तिघांचा खेळ रंगायचा. ओमकार साहसाची गोष्ट सांगायचा, बाकीचे दोघे त्या गोष्टीतली माणसे व्हायचे आणि फासे पडतील तसे त्यांचे नशीब फिरायचे. डॅनियल होता तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बुडालेले गाव शोधायला निघालेला. सृष्टी त्याच्या होडीवरची वैदू. घाव बसला की तांडेलाचा कागदावरचा जीव घटायचा. तो लगेच भरून काढायचा तर वैदूने माझे बूच भरून द्यायचे आणि जखमीने ते खरोखर प्यायचे, हा ओमकारचा नियम. पाणी न घातलेले आगळ प्यायल्यावर तोंड कसे होते, ते तुम्हाला सांगायला नको! माझ्यात बरोबर सहा बुचे मावत.

पण सृष्टी पडली पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घरातली. डब्यातले सोडे, बरणीतले लोणचे, सगळे पुढच्यासाठी. डॅनियल हात पुढे करायचा तेव्हा ती म्हणायची, "थांब रे, फुडे राक्षस आसा. तेवा औषध लागतलां." तांडेल बिचारा झोप काढून जखमा भरायचा. दोन वर्षांत माझे बूच एकदाही उघडले नाही. "सृष्टीकडे औषध आसा, आमका काळजी नाय," असे दोघे म्हणायचे आणि मी काठोकाठ भरलेली, फुशारून टेबलाच्या मधोमध बसायचे. खोटे कशाला बोलू, त्या मानाची मला चटक लागली होती.

डॅनियलला बोटीवर नोकरी लागली. जाण्याआधीच्या रविवारी, बुडालेल्या गावाच्या वेशीवर तांडेलाला चोरांनी घेरले.

"गो, एक बूच तरी दी," डॅनियल म्हणाला.

"हे चोर रे. राक्षस अजून येवचो आसा."

ओमकारने फासा टाकला. तांडेल मेला. आणि त्या खेळात मेलेले माणूस परत येत नसे.

"मेलंय गो मी. आता सांभाळ तुजी बाटली," डॅनियल हसत म्हणाला, पण तांडेलाचा कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि चहाला थांबला नाही. मंगळवारी तो गेला.

"आये, सहाच्या सहा बुचां शिल्लक होती गो," सृष्टी आईला सांगत होती आणि रडत होती. तिला त्याला फोन करायचा होता. उद्या करू, परवा करू, म्हणता म्हणता तीन वर्षे गेली. त्यानेही केला नाही. मी फडताळात होते. दर मे महिन्यात सृष्टी माझ्यातले जुने आगळ सोलकढीत घालायची, नवे भरायची आणि मला परत आत ठेवायची. पडवीतल्या त्या दुपारी मला फार आठवायच्या.

यंदा मे महिन्यात डॅनियल सुट्टीवर आला आणि ओमकारने दोघांना पडवीत बोलावून घेतले. सृष्टीने मलाही सोबत नेले. या खेपेला डॅनियल झाला नारळ काढणारा पाडेली. पहिल्याच माडावर त्याचा गुडघा खरचटला. सृष्टीने लगेच माझे बूच फिरवले. घाईत थोडे आगळ टेबलावरही सांडले.

"ओरखडो तो. ठेय ती बाटली," डॅनियल म्हणाला.

"आधी पी रे, मगे बोल. माका तेवाच देवक व्हया होता."

त्याने पिऊन तोंड वेडेवाकडे केले. मग तिच्याकडे बघितले आणि मोकळेपणी हसला. त्यानंतर काटा रुतला, दे बूच. ठेच लागली, दे बूच. गोष्ट सांगणाऱ्या ओमकारनेही एक मागून घेतले. तासाभरात मी रिकामी झाले आणि नेमका तेव्हाच राक्षस आला. दोन फाशांत दोघेही गार!

"आता?" ओमकारने विचारले.

"आता काय? येत्या आयतवारी नवीन माणसां घेवन बसूया," डॅनियल म्हणाला आणि चहा मागितला.

मित्रांनो, भरलेली असताना मला मान होता, पण उपयोग मात्र त्या दुपारीच झाला. तुम्हीही कुणासाठी काही राखून ठेवले असेल, औषध म्हणा, नाहीतर चार मायेचे शब्द. ज्याला ते हवे आहे तो समोर बसला आहे तोवर देऊन टाका. बाटलीचे काय, ती विसळून पुन्हा भरता येते.